दमकोंडीच्या चढासाठी कॅम

गाडी घेऊन येणारा माणूस सहसा आजार सांगत नाही, थेट औषध सांगतो. 'चाचा, प्लग बदला.' 'मिस्त्री, पंपच नवा टाका.' नेमकं काय होतंय ते विचारलं की त्याचा चेहरा उतरतो. अलीकडे या औषधांच्या यादीत एक नवं नाव आलं आहे. पंचविशीतली पोरं फोन माझ्या नाकापुढे धरतात आणि म्हणतात, 'असा कॅम टाका.' फोनमध्ये कुठल्या तरी परमुलखात एक गाडी जागेवर उभी राहून गुरगुरत असते. पोरांना ती गुरगुर हवी असते आणि गुरगुरीलाच ते ताकद समजतात. मग मी दोन चहा सांगतो, कारण आता बराच वेळ बोलावं लागणार हे मला कळलेलं असतं.

मी धारूरचा. लोक रशीद मिस्त्री म्हणतात. आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलं. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून वाकायची कामं धाकटा भाऊ युनूस करतो आणि मी स्टुलावर बसून त्याच्या चुका काढतो. हे काम मला पहिल्यापेक्षा जास्त जमतं, असं घरच्यांचं मत आहे.

बाहेरच्या माणसाला कॅम म्हणजे काय ते सांगायला हवं. इंजिनाच्या डोक्यात हातभर लांबीचा एक लोखंडी दांडा फिरत असतो. त्यावर अंतराअंतरावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा एका झडपेला दाबतो, ती उघडते आणि पेट्रोल-हवा आत जाते. दुसरा उंचवटा दुसरी झडप उघडतो आणि धूर बाहेर पडतो. या दांड्याचं नाव कॅमशाफ्ट, आमच्या तोंडी नुसता कॅम. उंचवटा जितका उंच तितकी झडप जास्त उघडते, आणि जितका रुंद तितका वेळ ती उघडी राहते. बाकी इंजिन तेच ठेवून नुसता हा दांडा बदलला, तर गाडीचा स्वभाव बदलतो.

पण स्वभाव बदलणं वेगळं आणि ताकद वाढणं वेगळं. रुंद उंचवट्याचा मोठा कॅम टाकला की झडप जास्त वेळ उघडी राहते. इंजिन जोरात फिरत असेल तर ते त्याला मानवतं, कारण तिथं हवा आत घ्यायला वेळच कमी असतो. हळू फिरत असेल तर आत आलेली हवा त्याच दारानं परत बाहेर जाते. इंजिन लंगडायला लागतं. पोरांना आवडणारी ती गुरगुर म्हणजे हेच लंगडणं. मोठा कॅम खालची ताकद काढून वर नेऊन ठेवतो, आणि वर जायला ज्याला रस्ताच नाही त्याचं दोन्हीकडून नुकसान होतं. शिवाय एकटा कॅम पुरत नाही. त्याच्या जोडीला झडपांच्या कडक स्प्रिंगा लागतात, मोकळा सायलेन्सर लागतो, गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला नवा हिशेब शिकवावा लागतो. बाकी सगळं कंपनीचं आणि कॅम तेवढा शर्यतीचा, असं केलं की घरातली सगळी माणसं एका सुरात बोलतात आणि एकटा जावई ओरडतो.

म्हणून मी एक नियम केला होता. कॅम बदलायचा असेल तर आधी मला तुझ्या गाडीत बसव. गावातून मिरवून आणायचं नाही. तू रोज जातोस त्या रस्त्यानं, रोज भरतोस तेवढा माल भरून, रोज बसतात ती माणसं बसवून मला घेऊन जायचं. मी शेजारी बसून ऐकणार. गाडी कुठं कण्हते, कुठं मोकळी पळते, चालवणारा कुठं घाबरतो. परत आल्यावर बोलू. या नियमापायी मी बकऱ्यांच्या शेजारी बसून आठवडी बाजाराला गेलो आहे आणि एका मास्तरांच्या सासुरवाडीला जेवूनही आलो आहे.

सिरसाळ्याकडचे एक पुढारी होते. त्यांच्या उघड्या जीपला शर्यतीचा कॅम हवा होता. फेरीला बसलो तेव्हा कळलं, जीपचं मुख्य काम मिरवणुकीत चालणं. पुढं ढोल, मध्ये नाचणारी पोरं, मागं जीप आणि जीपमध्ये साहेब हात जोडून उभे. सबंध दुपारभर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गेली नाही. मी म्हणालो, "साहेब, हा कॅम टाकला तर गाडी या चालीनं चालणार नाही. धक्के देईल. तुम्ही पुढच्या पोरांच्या अंगावर पडाल." साहेब जरा गंभीर झाले. मग म्हणाले, "पन आवाज तर येईल ना?" मी त्यांना सायलेन्सरवाल्याकडे पाठवलं. ते खूश झाले आणि कॅमचा विषय मिटला.

अंकुशची गोष्ट मात्र अशी हसण्यावारी गेली नाही.

अंकुश डोंगरातल्या एका वस्तीवरचा. तिशीचा, हाडाचा कष्टाळू, आणि स्वतःच्या अकलेवर जरा जास्तच विश्वास असलेला. त्याच्याकडे पेट्रोलचा छोटा टेम्पो होता. इंजिन कारचंच, वर माल भरायला हौदा. पावसाळा सरता सरता तो टेम्पो घेऊन आला आणि सीटमागून एक लांबट खोका काढून त्यानं माझ्या पुढ्यात ठेवला. आत कागदात गुंडाळलेला चकचकीत कॅम.

"चाचा, हा बसवून द्या. फोनवरून मागीवलाय. ह्याच्यात सगळ्यात मोठ्ठा हाच व्हता."

"मोठा म्हणून घेतलास?"

"मग बारका घ्यायला पैशे देऊ का?"

मी कॅम हातात घेऊन फिरवून पाहिला. काम सुरेख होतं. ज्यानं घासला त्याचा हात चांगला होता. पण उंचवटे एवढे रुंद होते की पाहूनच कळावं, हा माल शर्यतीच्या मैदानासाठी बनलेला आहे. मी विचारलं, "गाडी कशाला वापरतोस?"

तो सीताफळं वाहायचा. आमच्या बालाघाटाच्या उतारावर सीताफळाची झाडं आपोआप उगवलेली आहेत. वस्तीवरच्या बाया पहाटे डोंगरात जाऊन फळं तोडून आणतात. फळाचा डोळा उघडला, म्हणजे वरच्या फुगीर खवल्यांमधल्या रेघा पांढऱ्या पडल्या, की ते तोडायचं. मग दोन-तीन दिवसांत ते पिकतं आणि त्याला बोटही सोसत नाही. ही फळं गोळा करून परळी-अंबाजोगाईच्या बाजारात न्यायचा धंदा अंकुशच्या थोरल्या भावाचा होता. तो तापानं गेला. त्यानंतर धंदा त्याच्या बायकोनं, विमलबाईनं सांभाळला. फळं ती घ्यायची, भाव ती ठरवायची, टेम्पोही तिच्याच नावावर. अंकुश चालवायचा.

"मग मोठा कॅम कशाला पाहिजे?"

"वस्तीवरून वर सडकेला यायचं तर दमकोंडीचा चढ हाय. भरली गाडी तिथं दम टाकती. कधी कधी तर अर्धा माल उतरून डोक्यावर न्यावा लागतो. फळाला दोनदा हात लागला की काळं पडतं. एका दमात चढली पायजे."

गरज खरी होती. नुसती हौस असती तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावला असता. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "गाडीत कोण कोण असतं?"

"मी एकटाच."

फळांचा हंगाम सुरू झाला तशी मी फेरी ठरवली. सकाळी वस्तीवर गेलो. क्रेट भरले होते, वर लिंबाचा पाला टाकला होता. मी अंकुशच्या शेजारी बसलो आणि गाडीला स्कॅनर जोडून मांडीवर घेतला. इंजिनाच्या फेऱ्या त्यात आकड्यांत दिसतात. कानावर माझा भरवसा आहे, पण अंकुशचा माझ्या कानावर नव्हता.

दमकोंडीचा चढ म्हणजे मुरमाची खडी वाट, एका बाजूला डोंगराची कड आणि दुसऱ्या बाजूला ओढ्याची खोल घळ. पायथ्याला अंकुशनं गाडी उभी केली आणि हॉर्न दिला. चिंचेखालून एक बाई उठली. नऊवारीचा काष्टा, डोक्याला फडकं, आणि दोन्ही हातांत पोटाशी धरलेला एक मोठा दगड. ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"ही कोण रे?" मी विचारलं.

"वयनी."

"वर यायचंय का त्यांना? मी मागं बसतो."

"न्हाई, त्या मागंच असत्यात," अंकुश म्हणाला आणि त्यानं पहिला गिअर टाकला.

चढाच्या मध्यावर इंजिन गुदमरलं आणि बंद पडलं. गाडी हातभर मागं सरकली आणि धप्प करून थांबली. मी दारातून मान काढून मागं पाहिलं. विमलबाईनं मागच्या चाकाला दगड लावला होता आणि ती अजून वाकलेलीच होती, हात टायरपासून वितीवर. अंकुशनं गाडी चालू केली, क्लच जळल्याचा वास आला, गाडी पुढे सरकली. बाईनं दगड उचलला आणि पुन्हा गाडीमागं चालायला लागली. वीसेक पावलांवर पुन्हा तेच. पुन्हा दगड. असं करत करत आम्ही माथ्यावर पोचलो.

वर पोचल्यावर मी खाली उतरलो. विमलबाई पदरानं तोंड पुसत होती. तिच्या उजव्या हाताची दोन नखं काळीनिळी होती.

"हे रोजचंच?" मी विचारलं.

"हंगामात रोजचं," ती म्हणाली. "पयले ह्यो अंकुश धरायचा दगड, तवा ह्याचा भाऊ चालवायचा. आता ह्यो चालवतो."

मी इंजिनाचा माणूस आहे, लोकांच्या घरात डोकावायची सवय मला नाही. पण त्या नखांवरून माझी नजर हलेना. गाडीत कोण बसतं हे मी जन्मभर विचारत आलो. गाडीच्या मागं कोण चालतं, हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. तेव्हापासून तोही प्रश्न मी विचारतो.

"अंकुश, हँडब्रेक काय करतो?"

"भरल्या गाडीला धरत न्हाई चाचा."

"गाडी आजच्या आज माझ्याकडे लाव. आधी हँडब्रेक करू. आणि हा कॅम विसर." मी स्कॅनर त्याच्यापुढं धरला. "हे बघ. सबंध चढात तुझं इंजिन दोन हजारांच्या वर गेलं नाही. बंद पडलं ते हजार-बाराशेवर आल्यावर. तू आणलेला कॅम चार हजारांच्या पुढं जागा होतो. त्याच्या खाली तो कंपनीच्या कॅमपेक्षाही मरतुकडा आहे. तुला जिथं जोर पाहिजे तिथलाच जोर तो काढून घेईल."

"फोनमधी तर त्यो गडी म्हनत व्हता पंधरा टक्के पावर वाढती."

"वाढते ना. पण तुझी गाडी तिथं जातच नाही, तर ती पॉवर कुणासाठी वाढवायची?"

"तुमाला नवीन काय पटतच न्हाई चाचा," तो म्हणाला. भावजयीपुढं मी त्याला खोटं पाडलं असं त्याला वाटलं असावं. तो गाडीत बसला आणि मला सडकेवर सोडून क्रेट घेऊन निघून गेला. मी दुसऱ्या गाडीनं घरी आलो.

चार-सहा दिवसांनी दुकानापुढं गुरगुर ऐकू आली. बाहेर येऊन पाहतो तर अंकुश. कुठल्याशा लांबच्या गॅरेजात जाऊन कॅम बसवून आला होता. टेम्पो जागेवर थरथरत होता, आरसे हलत होते.

"बघा चाचा! सडकेवर असा पळतोय की इचारू नका."

पळत असणार, यात शंका नव्हती. मोकळ्या सडकेवर, रिकाम्या गाडीत, फेऱ्या चढवल्या की हा कॅम पळवणारच. मी त्याला म्हणालो, "गाडी अशीच चालू ठेव. आता ब्रेक लागोपाठ तीन-चारदा दाब." त्यानं दाबला. चौथ्या वेळी त्याच्या भुवया वर गेल्या. पायडल दगडासारखं कडक झालं होतं.

याचं कारण सांगतो. ब्रेक दाबायला आपल्याला कमी जोर लागावा म्हणून गाडीत एक डबा असतो, त्याला बूस्टर म्हणतात. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर तो चालतो. मोठ्या कॅमचं इंजिन हळू चालताना हवा नीट ओढत नाही, म्हणून डब्यात ओढच साठत नाही. वेगात असताना काही जाणवत नाही. हळू चालताना दोन-तीनदा ब्रेक मारला की डबा रिकामा, आणि मग पायाच्या जोरावर गाडी थांबवायची. डोंगरात हे किती वाईट आहे ते मी त्याला सांगितलं. आणि शेवटी सांगितलं, "काही झालं तरी विमलबाईला मागं उभं करू नको."

"आता मागं कोन लागतच न्हाई. एका दमात जातो बघा," तो हसून म्हणाला आणि गुरगुरत निघून गेला. मला राग आला होता. युनूस म्हणाला, तुझं कोण ऐकतं. मग मला युनूसचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला तो एका गाडीला दोरानं बांधून ओढत. हौद्याची मागची फळी चेमटलेली, हौद्यात सीताफळांचा चिखल, त्यावर माश्या. अंकुश स्टिअरिंगवर बसला होता आणि खाली उतरत नव्हता. शेजारी विमलबाई होती. ती उतरली. तिच्या लुगड्याचा पदर अर्धा फाटून गेला होता, राहिलेला तिनं कमरेला खोचला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

तिनंच सांगितलं. गाडी चढाच्या मध्यापर्यंतही गेली नाही. धक्के खात बंद पडली आणि मागं यायला लागली. अंकुशनं ब्रेक दाबला तर पायडल जाईना. एका दमात चढणार असं तो म्हणाला होता, तरी ती सवयीनं मागं चालत होतीच. तिनं दगड लावला, गाडी दगडावरून गेली. ती बाजूला उडी मारत असताना पदर चाकाखाली सापडला.

"मग?"

"मग काय, फाडला," ती म्हणाली. "लुगडं जुनं व्हतं म्हनून फाटलं. नवं असतं तर मी गेलते चाकाखाली." गाडी तशीच मागं जात डोंगराच्या कडेला आदळली म्हणून थांबली. दुसऱ्या बाजूला गेली असती तर घळ होती.

ती हे सगळं फळांचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होती. अंकुश मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. त्याला आणखी काही सुनावायची गरज उरली नव्हती.

"मिस्त्रीभाऊ," विमलबाई म्हणाली, "गाडी माझी हाय. त्या दांड्याचं मला काय कळत न्हाई. एवढंच सांगा, भरल्या मालाची ही वर जाईल का न्हाई? जात नसंल तर धंदा सोडून देते. पन मी आता मागं हुबी ऱ्हाणार न्हाई, आन् ह्यालाबी करणार न्हाई."

धंदा सोडला तर वस्तीवरच्या बायांची फळं झाडावरच कुजणार होती, आणि नवऱ्यामागं तिनं उभं केलेलं सगळं तिथंच संपणार होतं. मला खोटं वचन द्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "न थांबता जाईल असं आज नाही सांगत. पण थांबली तर मागं येणार नाही, एवढं आधी करतो. मग पुढचं बघू."

आधी हँडब्रेक केला. मागचे ब्रेकशू बदलले, केबल नवी टाकली. मग इंजिनाकडं वळलो. ज्यांना कॅमच बदलायची घाई असते त्यांनी हे लक्षात ठेवावं, की निम्म्या गाड्यांचा हरवलेला जोर दुसरीकडंच सापडतो. या टेम्पोचं एअर फिल्टर डोंगरातल्या धुळीनं गच्च झालं होतं. झडपांचं टॅपेट, म्हणजे कॅम आणि झडपेमधली बारीक फट, इतकं घट्ट होतं की दोन झडपा पुरत्या मिटतच नव्हत्या. गाडी कितीतरी दिवस अशीच पळत होती. ते सगळं ठीक केलं. आता अंकुशनं ठेवलेला कंपनीचा जुना कॅम परत घालता आला असता. पण तो घासून गेलेला होता. नवा घ्यायचाच होता, म्हणजे आता निवड खरी करायची होती.

मी पुण्याच्या एका कॅम घासणाऱ्याला फोन लावला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, 'टॉप स्पीड किती पाहिजे?' मी म्हणालो, 'टॉप नको. मला माणूस चालतो त्या वेगाला जोर पाहिजे.' त्यानं ते मला पुन्हा म्हणायला लावलं, मग त्याला मजा वाटायला लागली. आम्ही बराच वेळ बोललो. झडप उघडी राहण्याचा वेळ कंपनीइतकाच ठेवायचा, वाढवायचा नाही. उंची मात्र जराशी वाढवायची, म्हणजे त्याच वेळात दार थोडं जास्त उघडेल. आणि बसवताना कॅम किंचित पुढं फिरवून बसवायचा, म्हणजे झडपा थोड्या लवकर मिटतील आणि आत आलेली हवा परत जाणार नाही. स्प्रिंगा त्याच, सायलेन्सर तोच, कॉम्प्युटर तोच. बाकी सगळं कंपनीचं असलेल्या इंजिनाला जेवढं पचेल तेवढंच. या कॅमचा आवाज येत नाही. कुणाला दाखवता येत नाही. फोनमध्ये याचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

उंची वाढवली की झडप पिस्टनला लागणार नाही ना, हे पाहावं लागतं. त्याला मोठ्या शहरात काय काय वापरतात. मी घरातून कणकेचा गोळा मागवतो. पिस्टनवर तेल लावून कणीक थापायची, हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, वर बसवायचं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं आणि परत उघडायचं. कणकेवर झडपेचा ठसा उमटतो. तो सुरीनं कापून किती जाडी उरली ते मोजायचं. भरपूर उरली होती. माझी बायको म्हणते की आमच्या घरात पिठाचा डबा लवकर संपतो तो माणसांमुळं नाही.

अंकुश त्या सगळ्या दिवसांत दुकानात येऊन बसायचा. पाने द्यायचा, पेट्रोलमध्ये बोल्ट धुवायचा. एकदा त्यानं तो मोठा कॅम खोक्यातून काढून हातात घेतला.

"चाचा, हा खराब निघाला म्हनायचा का?"

"चांगला आहे. फार चांगला आहे. त्याला गाडी वेगळी पाहिजे आणि रस्ता वेगळा."

त्यानं तो पुन्हा कागदात गुंडाळून ठेवला. नंतर तो त्यानं कुणाला तरी देऊन टाकला असं ऐकलं.

नवा कॅम बसवल्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू केलं की वीस-पंचवीस मिनिटं दोन-अडीच हजारांवर फिरवत ठेवावं लागतं. तेव्हाच उंचवट्यांना त्यांची जागा सापडते. त्या वेळात इंजिन हळू केलं तर नवा कॅम तासला जातो. गल्लीतल्या लोकांना वाटतं रशीद मिस्त्रीचं डोकं फिरलं. फेऱ्या खाली आणल्या तेव्हा टेम्पो एवढा शांत चालायला लागला की अंकुशनं कान लावून पाहिलं, बंद तर नाही पडला.

मग पुन्हा फेरी. तेवढेच क्रेट, तोच लिंबाचा पाला. यावेळी विमलबाई पायथ्यापर्यंत गाडीतच आली, हौद्यात बसून. पायथ्याला उतरली आणि चिंचेखालचा दगड उचलला.

"बाई, मागं उभं राहणार नाही म्हणाला होतात," मी म्हणालो.

"मागं न्हाई. बाजूनं चालते. तुमचं काम नवीन हाय."

मला थोडं लागलं, पण तिचं बरोबर होतं. मी तिला डोंगराच्या कडेनं, गाडीपासून लांब चालायला सांगितलं. अंकुशनं हँडब्रेक सोडला आणि पहिला गिअर टाकला. मी बसलो होतो त्या बाजूला घळ होती, म्हणून मी मांडीवरच्या स्कॅनरच्या आकड्यांवरच नजर ठेवली.

गाडी चढायला लागली. धावत नाही, कण्हत नाही, एका चालीनं. पहिल्यांदा बंद पडायची ती जागा आली. फेऱ्या थोड्या खाली आल्या, पंधराशेवर आल्या आणि तिथंच टिकल्या. अंकुशनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "समोर बघ." दुसरी जागा आली आणि गेली. क्लचचा वास नाही. मागं क्रेट हलल्याचा आवाज नाही. माथ्याजवळच्या वळणावर गाडी जराशी अडखळली, मी दाराची कड घट्ट धरली, आणि मग पुढं सपाट सडक दिसली. अंकुश 'चढली, चढली चाचा!' असं ओरडला आणि त्यानं माझ्या मांडीवर एवढ्या जोरात थाप मारली की माझा गुडघा दुखला. गाडी थांबवायचं त्याला सुचलंच नाही. सडकेला लागून बरंच पुढं गेल्यावर आम्ही थांबलो, खाली उतरलो आणि फळं पाहिली. एकही क्रेट सरकला नव्हता. अंकुश रडत होता आणि हसत होता. मलाही फार बरं वाटत होतं. इंजिनाचं झाकण उघडून मी त्याला काहीबाही दाखवत बसलो.

थोड्या वेळानं मी मागं पाहिलं. सडकेवरून विमलबाई चालत येत होती. घामानं भिजलेली, धापा टाकत, आणि दगड अजून तिच्या पोटाशी.

अंकुश तिच्याकडं धावला. "वयनी! दगड कावून आनला इतक्या वर? टाकायचा की तिथंच!"

"तू कुटं थांबलास?" ती म्हणाली. "मला काय म्हाईत वर काय झालंय. पुढं कुटं बंद पडली तर लागंल म्हनून आनला." तिनं दगड सडकेच्या कडेला ठेवला आणि हात मोकळे करून बोटं हलवली. मग आम्हा दोघांकडं बघून म्हणाली, "मला इसरलाव ना तुमी दोघंबी?"

आम्ही खरंच विसरलो होतो. अंकुश खाली बघायला लागला.

ती गाडीला वळसा घालून आली, पुढचं दार उघडलं, मी जिथं बसलो होतो तिथं बसली आणि पाय पसरले.

"लई चांगलं झालं," ती म्हणाली. "आता रोज असंच इसरत जावा."